कोमल ऋषभाची उतरण

वरचा पुढचा दात गेल्यापासून ट्रम्पेटची मुखनळी ओठावर पूर्वीसारखी स्थिरावत नाही, म्हणून यंदाच्या लग्नसराईत बँडच्या पुढच्या रांगेतली जागा माझ्याजवळ तालीम घेतलेल्या मुलाच्या स्वाधीन करून मी युफोनियम उचलले. त्याच्या रुंद मुखनळीला माझा ओठ अद्याप पुरतो. वरूडच्या बाजारपेठेतून वरात निघाली की तारसप्तकातील एक सूर लांबवून गच्चीवरच्या माणसांना खाली पाहावयास लावणे हा माझा शिरस्ता होता, आणि नवरदेवाआधी लोकांची नजर आपल्यावर पडते, या जाणिवेचे सुख बिदागीच्या रकमेत मावणारे नव्हते.

परंतु ज्या अडचणीने आयुष्यभर माझा पिच्छा पुरविला ती पाठवणीच्या भैरवीतील, कोमल ऋषभावरून षड्जावर उतरण्याची. आमच्या पट्टीत षड्ज एकही पिस्टन न दाबता निघतो आणि लगतचा कोमल ऋषभ दुसरा व तिसरा दाबून. पण तो असतो ओठाच्या ताणाने गाठावयाच्या वरच्या पायरीवरचा सूर, चार अर्धस्वरांनी खाली ओढलेला. कानाला जे अंतर अर्ध्या स्वराचे, ते ओठाला पायरी बदलण्याचे. सनईवाला बोट किंचित सरकवून जी मींड घेतो, तिच्यासाठी आम्हांला पिस्टन अर्धवट सोडीत, त्याच क्षणी ओठ सैल करून, श्वास न तुटू देता उतरावे लागते. पिस्टन रेंगाळले तर सूर घुसमटतो, लवकर सुटले तर मध्ये भेग पडते. शिवाय वैशाखात नळीतली हवा तापली की सगळे वाद्यच चढे बोलू लागते.

गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकून चित्रसंगीतात आलेल्या वादकांविषयी मला नितांत आदर आहे; सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'च्या (१९५१) काळातील ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या वादनाने मला सुराची झळाळी शिकविली, पण ही उतरण सनईवाल्यांच्या मागे बसूनच शोधावी लागली. आता कीबोर्डवर वरात वाजविणाऱ्या धुमाल पार्ट्यांनी आमचे बयाणे हिरावले, त्यापेक्षा मला सलते ते हे की, त्यांच्या कीबोर्डावर ट्रम्पेटचा आवाज एका बोटाने निघतो. ज्या सुराला छाती रिकामी करावी लागत नाही तो लेकीच्या पाठवणीला वाजवू नये, असे माझे ठाम मत आहे.

परवा तालमीत मुलगा म्हणाला, "मास्तर, पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली तर ऋषभ उघडा येतो, अन् षड्ज नुसत्या दुसऱ्या पिस्टनवर. पायरी बदलावीच लागत नाही." त्याचे गणित बिनचूक होते. तरी मी नकार दिला. उघड्या षड्जाची गाज दाबलेल्या पिस्टनाखाली मिळत नाही, हे मी सांगितलेले कारण खरे आहे. जे माझ्या ओठांनी इतक्या कष्टाने कमाविले ते त्याला आयते मिळावे हे मला रुचले नाही, हेही तितकेच खरे. तूर्त तो जुन्याच पट्टीत वाजवितो, आणि मी युफोनियमवर खालचा षड्ज धरून ठेवतो, म्हणजे उतरताना त्याला टेकावयास जागा ऐकू येते.