खाऱ्या जमिनीतला इंचू

आमच्या महाड तालुक्यात भातकापणी होऊन पेंढा रचायचे दिवस आले की आई रोज बजावायची, "वहाण झटकल्याबिगर पायात घालू नको गं." तरी १९७१ साली थोरल्या आक्काला तांबडा इंचू चावलाच, भारा उचलताना. अंग घामानं थबथबलं, हातपाय गार पडले, पहाटे तोंडाला फेस आला. मांत्रिक मंत्र टाकत बसला होता. ती गेली. पुढं डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, प्राझोसिनच्या गोळीनं माणसं वाचायला लागली. आमच्या घराला तो उशीरच. तेव्हापासून इंचू दिसला की ठेचायचा, एवढंच मला ठाऊक.

मध्यंतरी लेकीकडे कॅलिफोर्नियाला गेले होते. नातू सोळा वर्षांचा आणि त्याला नेमकं विंचवांचं वेड! मला सोडा लेकला घेऊन गेला. कॅरिझो मैदानातलं हे तळं उन्हाळ्यात आटतं, उरतो मिठाचा पांढरा पापुद्रा. आपलं मिठागरच म्हणा, पण नजर जाईल तिथवर माणूस नाही.

वाटेत त्यानं सगळी हकिगत सांगितली. आयनॅचरलिस्टवर लोक पाखरा-किड्यांचे फोटो टाकतात. हार्पर फोर्ब्स आणि प्रकृत जैन या दोन शाळकरी पोरांना त्यात ओळख न पटलेला एक इंचू दिसला. मग रात्रीबेरात्री अशा खाऱ्या जमिनी पालथ्या घालून, लॉरेन एस्पोसिटो या संशोधक बाईंच्या जोडीनं त्यांनी २०२२ मध्ये दोन नव्या जाती जाहीर केल्या. पॅरुरोक्टोनस सोडा आणि पॅरुरोक्टोनस कन्क्लुसस. नावं माझ्या जिभेवर बसायला दोन दिवस लागले.

अंधार पडल्यावर नातवानं जांभळी बॅटरी लावली. अतिनील उजेडात इंचू चमकतो म्हणे. चिखलाच्या भेगेशी काहीतरी हिरवं पेटलं. सोडा जातीचा की दुसरा कुठला, त्यालाही खात्री नव्हती. माझा हात आपसूक चपलेकडे गेला.

"आजी, नको ना!" त्यानं मनगट धरलं. "इथली जमीन तरी सरकारनं राखलीय. तो कन्क्लुसस कोएन लेकच्या काठी चिंचोळ्या पट्टीतच राहतो, तिला राखण नाही. तेवढ्यावर बांधकाम झालं तर जातच संपेल. जगात दुसरीकडे कुठे नाहीये तो."

"आक्का पण एकच होती," मी म्हटलं.

"आक्का कोण?"

लेकीलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. त्यानं बॅटरी विझवली, इंचू गेला त्याच्या वाटेनं. आम्ही गाडीच्या उघड्या डिकीत बसलो आणि मी पेंढ्यापासून सांगायला लागले.