सोवळ्यातला न्यायाधीश

राजकारणाचा वारा लागलेल्या माणसाने न्यायासनावर बसू नये, असं मी अनेक वर्षं ठासून सांगत आले. एखाद्या पक्षाशी जवळीक असलेल्या वकिलाचं नाव उच्च न्यायालयासाठी पुढे आलं की माझं मत तयार असे. त्याने वकिली कशी केली, कायद्याची जाण कितपत आहे, हे विचारायची गरजच वाटत नसे. पक्षाचं नाव पुरे. न्यायाधीश म्हटलं की माझ्यासमोर रामशास्त्री उभे राहत, राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे.

हे मत माझ्याकडे कुठून आलं, याचा शोध मी फार उशिरा घेतला. हाती लागलं ते काही अभिमान वाटावं असं नाही. आमच्यासारख्या घरांत राजकारण ही ‘त्या लोकांची’ गोष्ट होती. निवडणुकीला उभा राहणारा माणूस काहीतरी लपवणारा किंवा काहीतरी लाटणारा, हे गृहीतच. मी याला तटस्थपणा म्हणत होते. खरं तर ते सोवळं होतं, आणि तेही आळशी सोवळं. शिवायचंच नाही असं ठरवलं की समजून घेण्याचे कष्ट वाचतात.

या मताला पहिला तडा गेला तो सँड्रा डे ओकॉनर यांच्यामुळे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश, एवढीच माझी त्यांच्याशी ओळख. १९५२ मध्ये स्टॅनफर्डमधून कायद्याची पदवी घेऊनही वकिलांच्या मोठ्या फर्म्सनी त्यांना दारात उभं केलं नव्हतं, हे ठाऊक होतं, म्हणून आदरही होता. डिसेंबर २०२३ मध्ये त्या गेल्या, तेव्हा त्यांच्याविषयी सविस्तर वाचलं आणि कळलं की बाई आधी चक्क पक्षाच्या राजकारणात होत्या. १९६९ मध्ये ॲरिझोना राज्याच्या सिनेटमधल्या रिकाम्या जागेवर त्यांची नेमणूक झाली. पुढे १९७० आणि १९७२ मध्ये त्या रिपब्लिकन पक्षातर्फे निवडून आल्या आणि १९७३ मध्ये सिनेटमधल्या बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्या झाल्या. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यात स्त्रीला हे पद मिळण्याची ती पहिलीच वेळ. १९७४ मध्ये सिनेट सोडून त्या न्यायाधीशपदासाठी उभ्या राहिल्या. फीनिक्स शहर ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथे न्यायाधीश तेव्हा मतदानाने निवडले जात. पदावर असलेल्या न्यायाधीशाला हरवून त्या जिंकल्या.

वाचून मी हिरमुसले. म्हणजे याही त्यातल्याच!

मग त्यांच्या सिनेटमधल्या दिवसांतली एक बारीकशी गोष्ट समोर आली. एका विधेयकात एक महत्त्वाचा स्वल्पविराम राहून गेला होता. तेवढा एक स्वल्पविराम घालण्यासाठी त्यांनी रीतसर दुरुस्ती मांडली. नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेचा कारभार एकट्या नवऱ्याच्या हाती देणारा कायदा बदलण्यामागेही त्या लागल्या होत्या. मी स्वतःला विचारलं, यातलं नेमकं काय न्यायाधीशाला बाधतं? एखादं वाक्य कायद्यात कसं शिरतं, कुणाच्या आग्रहाने राहतं, कुठल्या तडजोडीत गळतं, हे ज्याने आतून पाहिलं, तो पुढे तोच कायदा वाचताना जास्त शहाणा असेल की कमी? उत्तर सरळ होतं आणि ते मला आवडलं नाही.

त्याहून जास्त लागलं ते हे की आपल्याकडचं उदाहरण मला आधीपासून माहीत होतं. व्ही. आर. कृष्ण अय्यर १९५७ मध्ये केरळात नंबुद्रीपादांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. १९७३ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात आले, आणि २४ जून १९७५ रोजी इंदिरा गांधींना, त्यांची निवडणूक रद्द करणाऱ्या निकालावर, बिनशर्त स्थगिती नाकारली ती त्यांनीच. कैद्यांच्या हक्कांवरचे त्यांचे निकाल मी वाखाणत असे, त्यांचं मंत्रिपद मात्र सोयीस्करपणे विसरत असे. न्यायाधीश आवडता असला की त्याचं पूर्वायुष्य दिसायचं नाही, नावडता असला की तेवढंच दिसायचं. याला तत्त्व म्हणत नाहीत.

मत बदलायला लागलं की ते दुसऱ्या टोकाला धावतं. मग न्यायाधीश लोकांनीच का निवडू नयेत, असंही मला काही काळ वाटू लागलं. इथे ओकॉनर पुन्हा आडव्या आल्या. त्या निवडून आल्या त्याच १९७४ मध्ये ॲरिझोनातल्या मोठ्या काउंट्यांत न्यायाधीशांची निवडणूक बंद होऊन नेमणुकीची पद्धत आली, आणि या बदलाच्या त्या पुरस्कर्त्या होत्या. १९७९ मध्ये त्यांना अपील न्यायालयावर नेमलं ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या गव्हर्नरने. निवृत्तीनंतर तर न्यायाधीशांच्या निवडणुका थांबवा, हे त्या राज्याराज्यांत सांगत फिरल्या. न्यायाधीशपदाच्या उमेदवारांनी वादग्रस्त प्रश्नांवर मतं जाहीर करू नयेत, हा मिनेसोटाचा नियम २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केला, त्या पाचांत त्या होत्या. आपल्या त्या मताविषयी शंका येते, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. आपलंच मत असं चारचौघांत उलटून पाहायचं धैर्य माझ्यात कधी नव्हतं.

त्यांना कशाची धास्ती होती, ते वेस्ट व्हर्जिनियाच्या एका खटल्याने मला दाखवलं. तिथे मॅसी या कोळसा कंपनीला ५ कोटी डॉलरची भरपाई देण्याचा निकाल लागला. अपील पुढे जायचं होतं, तेवढ्यात २००४ ची निवडणूक आली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या विजयासाठी कंपनीच्या प्रमुखाने सुमारे ३० लाख डॉलर ओतले. उमेदवार जिंकला. खटल्यातून बाजूला व्हायला त्याने नकार दिला आणि ३ विरुद्ध २ मतांनी निकाल कंपनीच्या बाजूने फिरला. हे बरोबर नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ठरवलं, तेही ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने.

हे वाचताना रामशास्त्री मला पहिल्यांदा नीट दिसले. ते दरबारापासून दूर कधीच नव्हते. पेशव्यांच्याच चाकरीत होते, सगळं राजकारण डोळ्यांदेखत चाललेलं होतं. त्यांचं बळ होतं ते पदावर पाणी सोडून पुण्याबाहेर पडण्याच्या तयारीत. काही वर्षांनी ज्याला पुन्हा मतं आणि पैसे मागायला दारोदार जायचं आहे, त्याने ही मोकळीक आणायची कुठून? दोष मागे केलेल्या राजकारणात नव्हता, पुढे येणाऱ्या गरजेत होता. मी इतकी वर्षं चुकीच्या दिशेला तोंड करून पहारा देत होते.

आपल्याकडे न्यायाधीशांना निवडणूक नाही, पण पुढचं काहीतरी असतंच. बहारुल इस्लाम काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते, मग न्यायाधीश झाले, आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसतर्फे राज्यसभेत गेले. पूर्वी मी त्यांच्या पहिल्या राज्यसभेकडे बोट दाखवलं असतं, आता दुसऱ्या राज्यसभेकडे दाखवते. अर्थात कृष्ण अय्यरही १९८७ मध्ये विरोधकांतर्फे राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिलेच. माझी नवी चाळणीही फार बारीक नाही, हे मला कळतं.

आणखी एक गोष्ट अजून सलते. २०१० मध्ये नेवाडात न्यायाधीशांची निवडणूक बंद करण्याचा प्रस्ताव आला. ओकॉनर यांनी त्याला जाहीर पाठिंबा दिला, मतदारांनी तो फेटाळला. पूर्वीची मी त्या मतदारांना अडाणी ठरवून मोकळी झाले असते. आता वाटतं, ‘निवडायचं आम्ही नाही, तर मग कुणी?’ असं त्यांनी विचारलं, तर माझ्याकडे काय उत्तर आहे? आपल्याकडे न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात, बंद दाराआड, आणि कुणाचं नाव का गळालं ते आपल्याला बहुधा कळत नाही. न्यायाधीशाने मतं मागू नयेत, हे माझं आजही मत आहे. पण त्याला नेमणाऱ्यांना जाब विचारण्याचा हक्क सोडायला आता मी तयार नाही, आणि हा जाब विचारणं हेही राजकारणच आहे.