एकवीस अंशांवरची सावली

जळगाव, 24 मार्च

चि. मृण्मयी,

युकातानातल्या झिबिल्चालतून या माया लोकांच्या जुन्या शहरातला तुझा व्हिडिओ पोचला. सात बाहुल्यांच्या मंदिराच्या दारात उगवता सूर्य नेमका चौकटीत येतो. जमिनीखाली मातीच्या सात बाहुल्या सापडल्या, म्हणून मंदिराला हे नाव. हा देखावा एकाच पहाटेचा मात्र नसतो. विषुवदिनाच्या सुमारास उगवतीची जागा रोज सूर्याच्या रुंदीहून थोडी कमीच सरकते, त्यामुळे पुढेमागे काही दिवस तो त्याच दारात सापडतो.

तुझं मेरिदा आणि आपलं जळगाव, दोन्ही 21 अंश उत्तरेवर. म्हणजे विषुवदिनी भर दुपारी 12 अंगुळांचा शंकू उभा केला, तर दोन्हीकडे सावली साडेचार अंगुळांहून किंचित जास्त पडणार. या सावलीला पलभा म्हणतात. तिच्यावरून गावाचा अक्षांश आणि दिवसमान कसं काढायचं, हे भास्कराचार्यांच्या 1150च्या 'सिद्धांतशिरोमणी'त आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या डोंगरात, याच ग्रंथाच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला. तो यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या तिथल्या शिलालेखात दानाची नोंद आहे: शके 1128, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ, म्हणजे 9 ऑगस्ट 1207. ज्योतिषाच्या मठाला दान द्यायला मुहूर्तही ग्रहणाचाच!

लेख संस्कृतात, पण पैशापाण्याचा भाग जुन्या मराठीत. पाटणच्या बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, म्हणजे सुपाऱ्या. गावात जितके घाणे चालतील, तितक्यांकडून पळी पळी तेल. ग्रहगणित शिकणाऱ्यांचा खर्च तेली आणि गिऱ्हाईक मिळून चालवत होते.

मायांचं गणितही नुसतं दगडात नव्हतं. ड्रेस्डेनला असलेल्या त्यांच्या पोथीत शुक्राची आणि ग्रहणांची कोष्टकं आहेत. पण 1562 मध्ये युकातानातल्या मानी गावी दिएगो दे लांदा या पाद्र्याने त्यांच्या पोथ्यांची होळी केली. आज जगात माया पोथ्या उरल्या अवघ्या चार. म्हणून तिकडच्या अभ्यासकांना इमारतींच्या भिंती आणि दारं मोजत बसावं लागतं. आपल्याकडे उलटं झालं. पाटणचा मठ गेला, पण नकला होत राहिल्यामुळे ग्रंथ टिकला. मठात बसून कोणी काय मोजलं, ते मात्र कुठल्या दगडावर नाही.

मेच्या 25 तारखेच्या आसपास सूर्य दोन्हीकडे थेट माथ्यावर येईल. जळगावात 12 वाजून 25 मिनिटांच्या सुमारास काठीची सावली नाहीशी होते. तिथल्या घड्याळात किती वाजतात, ते पाहून कळव.

तुझा,
मामा