काळे तेल आणि सोख्त्याचा कागद

बीड शहराला रेल्वे मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर इथे जे आले-गेले ते रस्त्यानेच. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या, त्यांची भांडीकुंडी, कापसाच्या गाठी, सगळे ट्रकवर. आमच्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल ड्रायव्हर, क्लीनर नाहीतर मिस्त्री याच कमाईवर पेटते. म्हणून इंजिनाचे तेल कधी बदलायचे, हा प्रश्न आमच्याकडे गॅरेजपुरता राहत नाही. तो घरखर्चाचा होतो.

मोठ्या डिझेल इंजिनात एका वेळी पंधरा-वीस लिटर तेल जाते. उगीच लवकर बदलले तर हप्त्याचे पैसे नाल्यात. उशीर केला तर बेअरिंग झिजते, इंजिन खोलावे लागते आणि ऐन सीझनमध्ये गाडी उभी राहते. उचल घेतलेल्या गाडीवाल्याला ती थांबणी परवडत नाही.

आपल्याकडे पहिला समज असा, की तेल काळे पडले की ते गेले. आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग मिस्त्री यावर हसतात. ‘‘सर, काला हुवा मतलब वो काम कर रहा है,’’ असे ते म्हणतात. ते खरेच आहे. डिझेल जळताना काजळी होते. तेलात मिसळलेली रसायने ती काजळी बारीक करून तरंगत ठेवतात, कुठे थर बसू देत नाहीत. म्हणून नवे तेलही थोड्याच दिवसांत काळे दिसते. रंगावरून निकाल देणे हा तेलावर अन्याय आहे.

दुसरा समज किलोमीटरचा. समजा, हायवेवर गाडी लिटरला ४ किलोमीटर देते. १०,००० किलोमीटरला २,५०० लिटर डिझेल जळाले. तीच गाडी उसाच्या फडातून, कच्च्या रस्त्याने, ओझ्याखाली पहिल्या-दुसऱ्या गिअरवर लिटरला २ देऊ लागली, तर तेवढ्याच किलोमीटरला ५,००० लिटर जळते. मीटर तेच सांगतो, पण तेलाने दुप्पट काजळी सोसलेली असते. फडातली धूळ वेगळी. एअर फिल्टर फाटका असेल तर ती तेलात उतरून लोखंड घासते. म्हणून किलोमीटरबरोबर डिझेलचाही हिशेब ठेवावा.

जुन्या लोकांचे आकडेही तपासून घ्यावे लागतात. डिझेलमधल्या गंधकातून आम्ल होते आणि ते मारता मारता तेलाची ताकद संपते. २०१० साली देशभर आलेल्या बीएस-३ डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये ते १० वर आले. नव्या गाड्यांच्या पुस्तकात तेल बदलण्याचे अंतर म्हणूनच कितीतरी वाढलेले दिसते. पण त्याच बीएस-६ गाडीला कमी राखेचे तेल लागते. दुसरे कोणतेही ओतले तर धुराचा फिल्टर हळूहळू तुंबतो.

काही खुणा मात्र तारखेची वाट पाहत नाहीत. तेल दुधासारखे झाले तर पाणी शिरले. पातळ झाले, डिझेलचा वास आला, तर इंधन मिसळते आहे. अशा वेळी नुसते तेल बदलून भागत नाही, मूळ बिघाड शोधावा लागतो.

मोठ्या वाहतूक कंपन्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यातले लोखंड आणि धूळ मोजून घेतात. एका गाडीच्या मालकाला निदान टीपकागद, म्हणजे आपला सोख्ता, परवडतो. गरम तेलाचा एक थेंब त्यावर सोडून काही तास वाळू द्यावा. डाग एकसारखा करडा पसरला तर तेलात काजळी धरण्याची ताकद आहे. मधोमध गडद काळा ठिपका आणि त्याला ठसठशीत कड असेल, तर तेल बदलावे. झीज किंवा आम्ल या डागात दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आमच्या उर्दू शाळेतली पुष्कळ मुले दहावीनंतर गॅरेजची वाट धरतात. तिथे उस्तादाच्या हाताखाली हात तयार होतो, पण गाडीचे पुस्तक इंग्रजीत असते आणि ते डॅशबोर्डच्या खणात तसेच पडून राहते. म्हणून आम्ही आता विज्ञानाच्या तासाला सोख्त्यावरचा डाग दाखवतो आणि एक वही आखून घेतो: तारीख, किलोमीटर, डिझेल किती भरले, तेल किती ओतले. कोणत्या भाषेत लिहायचे ते मुलांनी ठरवावे. लिहिले मात्र पाहिजे. उस्तादाच्या बोटांना कळते ते वहीत उतरले, तर पुढच्या शागिर्दाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.