आमच्या घराण्याचा कागदोपत्रीं शोध

बहुतेक मनुष्यांस आपल्या आजोबांचें नांव सांगतां येतें, पणजोबांचें नांव श्राद्धाच्या दिवशीं आठवतें, आणि त्यापलीकडे मात्र अंधार असतो. श्राद्धांत तीन पिढ्यांचा उच्चार पुरे असें ज्या शास्त्रकारांनीं ठरविलें, त्यांनीं मनुष्याच्या स्मरणशक्तीचें माप बरोबर घेतलें होतें असें म्हणावें लागतें.

आमच्या घरीं हा अंधार कोणास कधीं जाचला नव्हता. आमचे मूळपुरुष चिमाजी अप्पांच्या फौजेबरोबर वसईच्या मोहिमेस आले, आणि वसई सर झाल्यावर बदलापुराजवळ उल्हास नदीच्या कांठीं जमीन कसून राहिले, एवढें वाक्य पाठ असलें म्हणजे झालें, अशी सर्वांची समजूत होती. या समजुतीस धक्का बसला तो अमेरिकेहून.

माझ्या पुतण्याची कन्या तिकडे मॅसॅच्युसेट्स प्रांतांत शिकली व तेथेंच एका अमेरिकन तरुणाशीं तिचा विवाह झाला. व्याही मोठे सज्जन. त्यांनीं आपल्या कुळाची वंशावळ, उत्तम बांधलेली, भेट म्हणून पाठविली, आणि सोबत नम्रपणें विचारलें कीं, आपलीहि अशी एखादी वही असल्यास तिची प्रत मिळेल काय. पुढें होणाऱ्या मुलांस दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात. वहिनींनीं तें पत्र माझ्यापुढें ठेविलें व म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जन्मभर शाळेंत इतिहास शिकविला. आतां याचें उत्तर तुम्हींच द्या."

वाचकहो, तें पुस्तक मी तीन रात्रीं वाचीत होतों. त्या घराण्याचा पहिला पुरुष इंग्लंडांतून १६३० नंतरच्या दशकांत मॅसॅच्युसेट्स येथें उतरला, तेव्हांपासून आजपर्यंत बारा पिढ्या त्यांत ओळीनें दिल्या आहेत, आणि प्रत्येक विधानाखालीं त्याचा आधार दिला आहे. हें त्यांस साधलें कसें? त्या वसाहतीच्या विधिसभेनें १६३९ सालींच जन्म, विवाह आणि मृत्यु यांची नोंद ठेवावी असा हुकूम काढिला होता. त्या प्युरिटन लोकांत विवाह हा धर्मसंस्कार नसून लौकिक करार मानीत व तो न्यायाधिकाऱ्यापुढें होत असे. म्हणून ही नोंदहि देवळाच्या वहींत न होतां गांवच्या कारकुनाच्या दप्तरांत झाली. त्याखेरीज मृत्युपत्रें, आणि मृत मनुष्याच्या घरांतील वस्तूंच्या यादी. दोन गाई, एक लोखंडी हंडा, एक पिसांची गादी, असें सारें त्यांत लिहिलेलें. घराचें दारिद्र्य वा सुबत्ता त्या यादींवरून डोळ्यांपुढें उभी राहते. १६२० सालीं 'मेफ्लॉवर' जहाजांतून जे एकशें दोन उतारू प्लिमथ येथें गेले, त्यांची नांवें तेथील गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यानें आपल्या हस्तलिखिताच्या शेवटीं लिहून ठेविलीं. तें हस्तलिखित पुढें नाहींसें झालें, तें एकोणिसाव्या शतकांत लंडनच्या बिशपाच्या ग्रंथसंग्रहांत सांपडलें, आणि १८९७ सालीं तें परत मॅसॅच्युसेट्सला गेलें. एका वहीसाठीं दोन राष्ट्रांनीं इतकी यातायात करावी, याचें मला मोठें कौतुक वाटलें.

परंतु तिकडील सर्वच सोनें शंभर नंबरी आहे असें मात्र नाहीं. गुस्ताव्ह अँजू नांवाचा एक गृहस्थ गेल्या शतकाच्या आरंभीं श्रीमंत अमेरिकनांस द्रव्य घेऊन हव्या तशा वंशावळी करून देत असे. खोटीं मृत्युपत्रें व खोट्या नोंदी यांच्या साह्यानें तो वाण्याचा संबंध सरदाराशीं जोडून देई. शिवाय ज्यांस कागदानें हातच लाविला नाहीं असे लोक तेथेंहि होते. अमेरिकेची पहिली खानेसुमारी १७९० सालीं झाली, तींत केवळ कुटुंबप्रमुखाचें नांव आहे, बाकीचे आंकड्यांत. १८५० सालीं स्वतंत्र मनुष्यांचीं नांवें लिहूं लागले, तेव्हांहि गुलामांची गणना नांवांवाचून वय, लिंग व वर्ण यांवर झाली. व्याह्यांच्या पुस्तकांतील एका मृत्युपत्रांतहि गाईनंतर व गादीच्या अगोदर 'एक निग्रो स्त्री' अशी नोंद आहे. नांव नाहीं. व्याह्यांनीं ती ओळ गाळली नाहीं, यावरून मला त्यांचा स्वभाव कळला.

आतां आमचें उत्तर. आपल्याकडेहि साधनें कमी नाहींत; तीं विखुरलेलीं आहेत एवढेंच. राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापण्यास आरंभ केला, तीं जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरून व कोनाड्यांतूनच गोळा केलेलीं होतीं. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड रियासतकार सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या वर्षांत निघाले. नामांकित घराण्यांनीं आपले कुलवृत्तांत छापले. पण आम्ही नामांकित नव्हतों. नांगर धरणारे होतों. नांगर धरणाऱ्याचें नांव कागदावर येतें तें एक तर सारा भरतांना, नाहीं तर मरतांना.

मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यास बरोबर घेऊन मी पुण्यास गेलों. जुन्या कागदांवर वर्षें सुहूर सनांत असतात, आणि तींहि अरबी शब्दांत. 'तिसा सलासीन मया व अलफ' म्हणजे नऊ, तीस, शंभर व हजार, मिळून ११३९. त्यांत ५९९ वा ६०० मिळविले कीं इसवी सन निघतो. वसईचा किल्ला मे १७३९ मध्यें मराठ्यांच्या हातीं आला, तो याच सुहूर सनांत, कारण हें वर्ष मृगाच्या सुमारास बदलतें. हें गणित मला इतकें आवडलें कीं प्रवासांत मी डब्यांतील एका मुलास तें शिकविलें. पण फल काय? रुमालांतून आमच्या गांवाचें नांव दोनदां आढळलें, सारा किती याचा आंकडाहि आढळला; आमचें नांव एकदांहि नाहीं. मूळपुरुष चिमाजी अप्पांबरोबर आले असतील, नसतीलहि.

याच सुमारास अंबरनाथच्या एका तरुणानें मला सांगितलें कीं, आपलें आडनांव शेलार, तेव्हां आपण शिलाहार राजांचे वंशज. असें पुष्कळ जण सांगतात. नांवांत साम्य आहे हें खरें. पण साम्य म्हणजे वंश नव्हे. मी त्यास देवळांत नेलें. उत्तरेकडील दाराच्या तुळईवर आंतल्या बाजूस जो लेख आहे, तो डॉक्टर भाऊ दाजी यांनीं प्रथम शके ७८२ चा म्हणून वाचला होता. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो आंकडा ९८२ आहे असें दाखविलें, म्हणजे इ. स. १०६०. एका अंकावरून राजा दोनशें वर्षें पुढें सरकला! लेखांतला राजा मम्वाणि ऊर्फ मुम्मुणि. छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि हे तिघे भाऊ क्रमानें गादीवर आले, हें त्या कुळाच्या ताम्रपटांवरून जुळवावें लागलें. ठाणें येथें १७८७ सालीं पाया खणतांना त्यांचा चुलता अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट सांपडला, तेथून या कामास आरंभ झाला. आणि या राजांनींहि आपल्या वंशाच्या आरंभीं कोणास बसविलें? गरुडाला आपला देह देणाऱ्या जीमूतवाहन विद्याधरास! मनुष्य राजा झाला तरी त्याची मूळपुरुषाविषयींची हौस भागत नाहीं. तो तरुण हंसला, पण त्याचें समाधान झालेलें दिसलें नाहीं.

उल्हासनगरांत माझा एक सिंधी वर्गबंधु राहतो. त्याचे वडील फाळणीनंतर सिंधमधून बोटीनें मुंबईस आले आणि कल्याण कँपाच्या लष्करी बराकींत त्यांस अर्धी खोली मिळाली. मधोमध पडदा लावून पलीकडे दुसरें कुटुंब. १९४९ च्या ऑगस्टांत राजगोपालाचारी यांनीं कोनशिला बसवून त्या वस्तीस उल्हासनगर हें नांव दिलें, तेव्हां तो पाळण्यांत होता. १९५० च्या कायद्यानें निर्वासितांस सोडून आलेल्या मिळकतीबद्दल दावे मांडतां आले; पण दस्तऐवज तर सिंधमधल्या घराच्या पेटींत राहिलेले. त्याच्या घराण्याचा अत्यंत जुना असा एकच लेख उरला, तो हरिद्वारास पंड्याच्या बहींत. तेथें जाऊन त्यानें आपल्या पणजोबांच्या हातचा मजकूर पाहिला. तो हटवाणिका लिपींत होता. या व्यापारी लिपींत काना-मात्रा बहुधा देत नाहींत. म्हणून माझ्या मित्रास एक अक्षर लागेना. अखेर कँपांतील एका वृद्ध धान्यव्यापाऱ्यानें त्याचें टिपण वाचून दाखविलें. "माझ्या पणजोबांस वाचण्यासाठीं मला दुसऱ्याच्या आजोबांची गरज लागली," असें तो म्हणाला. त्या बह्यांचें मोल अमेरिकेंतल्या लोकांनींहि ओळखलें; यूटा प्रांतांतील वंशशोधक संस्थेनें हरिद्वारच्या बह्यांचीं छायाचित्रें घेऊन ठेविलीं आहेत.

त्याच्याच आग्रहावरून मी नाशिकास गेलों. उपाध्यांनीं प्रथम गांव विचारलें, मग आडनांव, आणि अर्ध्या घटकेंत एक लाल कापडांत बांधलेलें बाड पुढें ठेविलें. शके १८०६ मध्यें, म्हणजे १८८४ सालीं, माझे खापरपणजोबा तेथें स्नानास गेले होते. त्यांनीं आपला बाप, आजा, दोघे चुलते आणि तीन मुलगे यांचीं नांवें लिहविलीं होतीं. खालीं स्वाक्षरीच्या जागीं नांगराची निशाणी. त्या तीन मुलांतला सर्वांत धाकटा, तेव्हां अगदींच तान्हा, तो माझा पणजोबा. माझ्यापासून मोजून सात पिढ्या एका पानावर जुळल्या. डोळे भरून आले हें सांगण्यास मला संकोच वाटत नाहीं. वसईचा मात्र त्यांत उल्लेख नव्हता, आणि बायकांपैकीं कोणाचाहि नव्हता.

घरीं येऊन मी व्याह्यांचें पुस्तक पुन्हां उघडलें. त्यांच्या बाराहि पिढ्यांतील बहुतेक सर्व बायकांचीं नांवें त्यांत आहेत. पुष्कळींचीं माहेरचीं आडनांवेंहि. आमच्या सात पिढ्यांत आईखेरीज व आजीखेरीज एक स्त्री नाहीं. जणूं सात पुरुष एकमेकांच्या खांद्यांतूनच उगवले! चुलत्यांस विचारलें, ते नव्वदीच्या घरांत आहेत. आपली आजी त्यांस चांगली आठवते: पांढरे केस, पायांत चप्पल नाहीं, भातलावणीस चिखलांत सर्वांच्या पुढें. पण तिला सर्व जण 'थोरली आई' म्हणत. तिचें नांव? चुलते बराच वेळ गप्प राहिले. "नांव घेण्याचा प्रसंगच कधीं आला नाहीं रे," ते म्हणाले.

मला इतकें ठाऊक होतें कीं पणजोबा १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या सांथींत गेले, आणि आजोबा तेव्हां दहा वर्षांचे होते. अज्ञान मुलाच्या नांवें जमीन चढावयाची तर पालकाचें नांव लिहावेंच लागतें. १९०३ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यांत हक्कनोंदणी सुरू झाली होती. तेव्हां वारसाची नोंद फेरफाराच्या वहींत असलीच पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणीं तीन खेपा घालाव्या लागल्या. तिसऱ्या खेपेस जुनी वही निघाली, कडा वाळवीनें खाल्लेल्या. १९१९ ची नोंद. आजोबांचें नांव, आणि त्याखालीं 'अ. पा. क. आई' असें लिहून पुढें तिचें नांव, अमुक कोम अमुक. त्यापुढें डाव्या हाताचा अंगठा.

तें नांव मी येथें छापीत नाहीं. तें घरच्यांपुरतें असूं द्यावें असें चुलत्यांचें म्हणणें पडलें. अंगठ्याचा ठसा मात्र मीं पुष्कळ वेळ पाहिला. मधोमध एक आडवी चीर होती, विळ्याची असावी. चुलते सांगतात कीं सावकारानें दोन वेळां गहाणखताचा कागद आणला आणि दोन्ही वेळां थोरल्या आईनें अंगठा देण्यास नकार दिला. त्या अंगठ्याचा मला सांपडलेला कागद हा एवढा एकच.

मग व्याह्यांस काय लिहावें याविषयीं घरांत वाद झाला. चुलत्यांचें म्हणणें, चिमाजी अप्पांचें वाक्य प्रथम लिहावें. लोकांस वाचावयास बरें वाटतें, आणि बापजाद्यांनीं सांगितलेलें खोटें कसें म्हणावें? मीं त्यांस अँजूची गोष्ट सांगितली. ती त्यांस रुचली नाहीं. "आम्हीं कोणास द्रव्य दिलें नाहीं," ते म्हणाले, आणि हेंहि खरेंच होतें. शेवटीं वहिनींनीं तोड काढली. सात पिढ्या, प्रत्येकीखालीं कागद कोणता व तो कोठें पाहिला तें. आणि पानाच्या तळाशीं, वेगळ्या शाईनें, 'आमच्या घरांत असें सांगत आले आहेत कीं' या शब्दांनीं आरंभ करून वसईचें वाक्य. चुलत्यांनीं तें दोनदां वाचवून घेतलें व मान डोलाविली. पणजीचें नांव त्यांनीं स्वतः आपल्या थरथरत्या हातानें लिहिलें.

महिन्याभरानें नातीचें पत्र आलें. व्याह्यांनीं तें पान आपल्या पुस्तकांत जोडून घेतलें आहे. त्यांच्या मंडळींस थोरल्या आईच्या नांवाचा उच्चार नीट करावयाचा आहे, म्हणून तो कोणी तरी टेलिफोनवर म्हणून दाखवावा. त्या रात्रीं चुलत्यांनीं तो चार वेळां म्हणून दाखविला. तिकडून चार वेळां प्रत्युत्तर आलें, चौथ्या वेळीं पुष्कळसें बरोबर. बोलतां बोलतां त्यांस आठवलें कीं थोरल्या आईचे भाऊ भाऊबिजेस मुरबाडच्या बाजूनें बैलगाडी घेऊन येत. तेव्हां दिवाळी झाल्यावर मी मुरबाडच्या वह्या पाहणार आहें, आणि माझा सिंधी मित्र बरोबर येणार म्हणतो.