खान जेवायला बसतो तो प्रसंग

प्रिय दादा,

नव्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटांच्या वाटेला जायचंच नाही, असं तू ठरवून टाकलं आहेस. पोरांनी टीव्हीवर लावला तरी तू उठून आतल्या खोलीत जातोस, हे वहिनीकडून कळलं. तुझ्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण तुझा निकाल मला मान्य नाही. जुन्या विज्ञानकथा मालिकेवरून काढलेला प्रत्येक चित्रपट तिची विटंबनाच करतो असं नाही. काही चित्रपट त्या मालिकेवरच्या जिवापाड प्रेमातून झालेले असतात, तर काहींना तिचं फक्त नाव आणि गणवेश हवे असतात. कप्तान कर्कच्या भूमिकेत शॅटनर नाही म्हणजे तो कर्कच नाही, ही तुझी कसोटी मला पुरेशी वाटत नाही. मालिकेने जे विचारलं होतं ते चित्रपट विचारतो का, हे बघायला हवं.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी आपण जी मालिका बघायचो, ती अमेरिकेत ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसीवर सुरू झाली. ७९ भाग झाले आणि जून १९६९मध्ये ती बंद पडली, माणूस चंद्रावर उतरण्याच्या जेमतेम दीड महिना आधी. पैशांची ओढाताण कायमचीच. दर आठवड्याला नव्या ग्रहावर यान उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून तर माणसं इथे विरघळून तिथे प्रकट होण्याची ती प्रसिद्ध युक्ती निघाली. खडक खोटे आहेत हे आपल्यालाही कळायचं. डोळे दिपवण्याजोगं हाताशी फारसं नव्हतं, त्यामुळे सगळी भिस्त बोलण्यावर होती. कप्तान कर्क, त्याचा सहकारी स्पॉक आणि डॉक्टर मकॉय एखाद्या प्रश्नावर हुज्जत घालत राहायचे आणि आपण श्वास रोखून ऐकायचो. त्या मालिकेचं खरं बळ तिथे होतं.

‘स्पेस सीड’ हा १९६७चा भाग आठव. अंतराळात भरकटलेलं एक जुनं यान सापडतं आणि त्यात दोन शतकं झोपवून ठेवलेला खान नुनियन सिंग. विसाव्या शतकाच्या अखेरीस पृथ्वीच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक भागावर सत्ता गाजवलेला हुकूमशहा. यानावरची इतिहासतज्ज्ञ त्याला बघताच म्हणते की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख. ती भूमिका मेक्सिकोच्या रिकार्डो मोंताल्बानने केली, चेहऱ्याला रंग फासून, आणि तेही आज खटकतंच. पण त्याच्या सन्मानार्थ जेवण ठेवलेलं असतं तो प्रसंग नीट बघ. स्पॉक शांतपणे एकेक प्रश्न टोचत राहतो. कर्क बोलत नाही, फक्त निरखतो. खान जगाला शिस्त देण्याबद्दल तावातावाने बोलताना ‘आम्ही’ म्हणून जातो आणि कर्क नेमका तो शब्द पकडतो. खानच्याही लक्षात येतं की हल्ला दुसऱ्याला करायला लावून कप्तान स्वतः कच्चा दुवा शोधत बसलाय. टेबल, ताटं आणि मोजकी माणसं, एवढ्या सामानावर हे सारं युद्ध होतं. पुढे तर याहून धारदार प्रसंग आहे. कर्क, मकॉय आणि यानाचा अभियंता स्कॉटी त्या हुकूमशहाबद्दल कौतुकाने बोलू लागतात आणि स्पॉक अवाक होतो. कणखर माणसाने सगळं मुठीत घेतलं की शहाण्यासुरत्या लोकांनाही त्याचं आकर्षण का वाटतं? हा प्रश्न १९६७मध्ये टीव्हीवरच्या एका करमणुकीच्या मालिकेने विचारला होता. आज तो मला जास्तच जवळचा वाटतो.

आता चित्रपटांकडे येऊ. १९७९चा पहिला चित्रपट रॉबर्ट वाइजसारख्या मातबर दिग्दर्शकाचा. त्याची गोष्ट बरीचशी मालिकेतल्याच ‘द चेंजलिंग’ या भागासारखी, म्हणजे माणसानेच सोडलेलं एक यान आपल्या कर्त्याला शोधत परत येतं. चार कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला, पण माणसं त्या भव्यतेत हरवली. आपल्याला त्याचं अप्रूप एवढ्यासाठी की त्यातली इलिया म्हणजे मुंबईची पर्सिस खंबाटा. १९६५ची मिस इंडिया. भूमिकेसाठी तिने डोक्याचा पूर्ण गोटा केला. अभिनयाला फारसा वाव नव्हता, तरी तिच्यावरून नजर हलत नाही.

१९८२चा ‘द रॅथ ऑफ खान’ झाला पहिल्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या खर्चात. निर्माता हार्व्ह बेनेट मालिकेत नवखा होता. त्याने आधी सगळे भाग बसून पाहिले आणि त्यातून ‘स्पेस सीड’ निवडला. खान पुन्हा मोंताल्बानच, पंधरा वर्षांनी खरोखर म्हातारा झालेला. शेवटी यान वाचवताना किरणोत्साराने स्पॉक मरतो. काचेपलीकडे कोसळलेला स्पॉक उठतो, अंगरखा ओढून नीट करतो आणि मगच कर्ककडे वळतो. दिसत नसल्यामुळे काचेवर आपटतो. अंगरखा सारखा करण्यात त्या माणसाचं सगळं आयुष्य आलं.

हाच प्रसंग नव्या चित्रपटांपैकी २०१३च्या ‘इन्टू डार्कनेस’मध्ये उलटा करून घेतलाय. काचेमागे कर्क, बाहेर स्पॉक. पण या दोघांची ओळख होऊन जेमतेम दुसरा चित्रपट, मग काळजात कालवाकालव कशी होणार? आणि थोड्याच वेळात खानचं रक्त टोचून कर्क जिवंत! मृत्यूला किंमतच उरली नाही. खान कोण आहे हे तर आधी लपवूनच ठेवलं होतं, जॉन हॅरिसन या खोट्या नावामागे. भूमिकेत बेनेडिक्ट कंबरबॅच. तो उत्तम नट आहे, पण सिंग आडनावाच्या, आशियावर राज्य केलेल्या माणसाचा मागमूस त्याच्यात नाही. हुकूमशहाचं आकर्षण, जेवणाच्या टेबलावरचं युद्ध, काहीच नाही. उरतो तो फक्त नाव उघड होण्याचा धक्का. इथे मी पूर्णपणे तुझ्या बाजूने आहे.

पण सगळ्यांना एकाच मापाने मोजू नकोस. ब्रिटनमधल्या क्वाटरमास मालिकांचं उदाहरण घे. नायजेल नीलची ‘द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट’ बीबीसीवर १९५३मध्ये थेट प्रक्षेपित झाली. सहा भागांपैकी आज पहिले दोनच उरलेत, बाकीच्यांचं जतनच झालं नाही. तिच्यावरून काढलेल्या हॅमर कंपनीच्या १९५५च्या चित्रपटातला नायक नीलला मुळीच पसंत नव्हता, पण ती गोष्ट त्या काळातल्या रूपात अथपासून इतिपर्यंत बघायची तर तोच चित्रपट बघावा लागतो. पुढे ‘क्वाटरमास अँड द पिट’ची पटकथा नीलने स्वतः लिहिली आणि १९६७मध्ये रॉय वॉर्ड बेकरने चित्रपट केला. लंडनमध्ये खोदकाम चालू असताना मंगळावरचं प्राचीन यान सापडतं आणि आपल्यातला परक्यांविषयीचा खुनशी द्वेष तिथून आल्याचं उलगडतं. तीन तासांहून मोठी मूळ मालिका दीड तासात आवळली, तरी तो द्वेषाचा प्रश्न जागचा हलला नाही. मालिकेपेक्षा चित्रपटच उजवा म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि मला त्यांचं पटतं.

तू ज्याच्यावर फुली मारलीस तो जे. जे. एब्रम्सचा २००९चा ‘स्टार ट्रेक’ मला याच रांगेत, थोडा मागे, बसवावासा वाटतो. त्यात भूतकाळात एक घटना वेगळी घडते आणि तिथून काळाचा दुसराच फाटा फुटतो. त्यामुळे आपली जुनी मालिका पुसली जात नाही, ती तिच्या जागी शाबूत राहते. म्हातारा स्पॉक म्हणून खुद्द लिओनार्ड निमॉय येतो. कार्ल अर्बनचा मकॉय तर दोन वाक्यांत तुला आपला वाटेल. डोळ्यांदेखत आपला ग्रह नष्ट झालेल्या तरुण स्पॉकने दुःख गिळायचं की दाखवायचं, हा प्रश्न मालिकेतलाच आहे. मारामारी आणि पळापळ जास्त आहे, हे कबूल.

तेव्हा माझं ऐक. २००९चा चित्रपट पोरांसोबत बस आणि पूर्ण बघ. २०१३चा नाही बघितलास तरी चालेल. पण त्यांना तो बघायचाच असेल तर अडवू नकोस, फक्त आदल्या रात्री ‘स्पेस सीड’ लाव आणि जेवणाच्या प्रसंगाला अजिबात उठू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी