डोळ्यांना न दिसणारा चढ

माळवा सपाट आहे, असे इंदुरात उभे आयुष्य काढलेली माणसेही निःशंकपणे सांगतात. बसमधून वा जीपमधून पाहिले तर तो तसा दिसतोही. काळी माती, गहू-हरभऱ्याचे पट्टे, मध्येच एखादी चिंच, आणि क्षितिजाशी टेकलेले गाव. आम्ही चौघे सेवानिवृत्त या बाबतीत गुडघ्यांच्या साक्षीवर अधिक विसंबतो. सायकलच्या सीटवरून माळवा सतत हळूच उचलला जातो आणि हळूच खाली ठेवला जातो. एक चढ संपतो न संपतो तोच समोर उथळ खळगा येतो. तळाशी नाला, त्यावर फरशी (इकडे तिला रपटा म्हणतात), काठाला शिंदीची चार झाडे, आणि पलीकडे पुन्हा तसाच लांबट, सोशिक चढ.

याचे गणित आमच्यातील निवृत्त अभियंत्यांनी एकदा चहाच्या टपरीवर वर्तमानपत्राच्या कडेला मांडून दाखवले. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो वजन आणि ताशी १२ किलोमीटरची चाल धरली, तर सपाट डांबरी रस्त्यावर टायर आणि हवा मिळून जेवढा विरोध करतात, जवळजवळ तेवढाच विरोध १०० मीटरला १ मीटर इतका चढ एकटा करतो. एवढा चढ डोळ्यांना दिसतच नाही. आपण थकलो आहोत किंवा चाकातली हवा कमी झाली आहे, असे वाटून माणूस खाली उतरतो आणि टायर दाबून पाहतो. हवेचा हिशेब आणखी निराळा. वेग दुप्पट केला, तर केवळ हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. तेव्हा सावकाश जाणे ही वयाची लाचारी नसून शुद्ध काटकसर आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. लेखा विभागातून निवृत्त झालेल्या आमच्या मित्रांना हे वाक्य फार आवडले.

या उंचसखलपणाला मोठा इतिहास आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर जो लाव्हा पसरला, त्याचे थर माळव्याखालीही आहेत. पावसाने आणि नाल्यांनी ते झिजवून हे सौम्य वळसे घडवले. इंदूरच्या दक्षिणेला विंध्याची कड आहे. ती ओलांडली की जमीन एकदम नर्मदेकडे कोसळते, आणि सायकलवाल्याने ब्रेक तपासूनच तिकडे जावे. परंतु कडेच्या अलीकडचे पाणी उत्तरेची वाट धरते. महूजवळच्या जानापाव डोंगरावर उगम पावणारी चंबळ, तसेच गंभीर आणि क्षिप्रा, सगळ्या उत्तरवाहिनी. इंदूरहून वायव्येला निघालो की आपण एकंदरीने पाण्याबरोबर उतरत असतो आणि येताना त्याच्या विरुद्ध चढत असतो. परतीची वाट लांब वाटते त्यात थकव्याबरोबर भूगोलाचाही हात असतो. नोकरीत असताना याच भागातून शासकीय जीपने आमचे कितीतरी दौरे झाले. तेव्हा भूगोलाला बोलायला फुरसत मिळत नसे.

आमची नेहमीची वाट बिजासन टेकडी मागे टाकून हातोद, देपालपूर आणि तेथून गौतमपुऱ्याला जाते. मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंचे नाव धारण करणारे हे गाव, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या हिंगोटांच्या लढाईमुळे वर्तमानपत्रांत येते. इतर दिवशी तेथे उत्तम शांतता असते. हातोदच्या पुढे गंभीर नदीवर होळकर संस्थानाने इंदूरच्या पाण्यासाठी बांधलेले यशवंत सागर लागते. २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. सारस पक्ष्यांना तो दर्जा कळलेला नाही. ते पूर्वीपासूनच येथे आहेत. माघ-फाल्गुन हा या वाटेचा खरा काळ. गहू पिवळा पडू लागलेला असतो आणि पळस फुलायच्या बेतात असतो. चैत्रानंतर दुपारी पश्चिमेचा तापलेला वारा अंगावर येतो, आणि असा वारा हा न संपणारा चढच होय.

वाटेत माणसे थांबवतात. "बस नी मिली कई, दासाब?" हा ठरलेला प्रश्न. या वयात, बरे कपडे घातलेली चार माणसे स्वखुशीने पायडल मारीत आहेत, हे पटवून देणे कठीण जाते. आम्ही आता तो प्रयत्न सोडला आहे. नाही मिळाली म्हणावे, खाटेवर बसावे, पाणी घ्यावे. लसणाचा भाव, बोअरची खोली, सोयाबीनने बुडवलेला हंगाम हे सगळे आम्ही पूर्वी अहवालांत वाचले होते. खाटेवर त्याला आवाज असतो. दाल-बाफल्याच्या आग्रहाला मात्र दुपारी बळी पडू नये. बाफल्यानंतर सायकल चालत नाही, माणूस झोपतो.

१९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांतील तिघांनी ती १९२८ साली पूर्ण केली. त्यांना दंडवत, परंतु आमचे घराणे वेगळे. फ्रान्समध्ये वेलोसिओ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द विव्ही (१८५३-१९३०) होऊन गेले. गिअरच्या सायकलींचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला, तर तूर द फ्रान्सच्या धुरीणांनी साखळी बदलणारे गिअर १९३७ पर्यंत स्पर्धेत येऊ दिले नाहीत. खऱ्या मर्दाला गिअर लागत नाही, असा त्या काळचा सूर होता. सायकल-प्रवाशासाठी विव्हींनी जे नियम सांगितले, त्यांत भूक लागण्याआधी खावे आणि नुसत्या अहंकारापायी पायडल मारू नये, हे दोन आम्हाला विशेष प्रिय. पहिला आम्ही काटेकोर पाळतो.

दुसऱ्याची परीक्षा दोन वर्षांपूर्वी झाली. आमच्यातील ज्येष्ठ मित्रांच्या हृदयात दोन स्टेंट बसवावे लागले. सायकल चालवा, पण धाप लागेल असा चढ नको, असे डॉक्टरांनी बजावले. माळव्यात याचा अर्थ हातोदच्या पुढे जाऊ नका असाच होतो. काही महिने ते मोटारीने पुढे जाऊन देपालपूरला आमची वाट पाहत. आम्ही पोहोचेतो त्यांचे वर्तमानपत्र वाचून झालेले असे. बोलायला बसलो की वाटेतले जे आम्ही सांगू ते त्यांनी पाहिलेले नसे. ते हसून ऐकत, आणि हळूहळू आम्हीच सांगणे कमी केले.

मग त्यांच्या कन्येने पुण्याहून विजेच्या साहाय्याने चालणारी सायकल पाठवली. लेखावाल्या मित्रांनी ती पाहताक्षणी हे मोटारवाहन असल्याचा निर्वाळा दिला. अभियंते म्हणाले, २५० वॉटच्या आत शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असेल तर कायद्याने ते मोटारवाहन नव्हे, नोंदणीही लागत नाही. शिवाय पायडल मारल्याखेरीज हिची मोटर चालत नाही. वाद बराच लांबला. शुद्धता, नियम, उद्या स्कूटरही चालेल काय, असे सगळे झाले. शेवटी ज्येष्ठ मित्र शांतपणे म्हणाले, "अहो भाऊसाहेब, तुम्ही चढ चढत असताना मी मोटारीत बसून वर्तमानपत्र वाचावे, हे तुम्हाला चालते. मी तुमच्या शेजारून यावे, हे चालत नाही?"

कोणी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी ते आमच्याबरोबर होते.

आता प्रत्येक चढाच्या माथ्यावर ते आधी पोहोचलेले असतात आणि आमच्या मंदगतीबद्दल तक्रार करतात. पूर्वी ही तक्रार आम्ही त्यांच्याबद्दल करीत असू. गेल्या फाल्गुनात गौतमपुऱ्याला मुक्काम केला. रात्री वीज गेली आणि बॅटरी अर्धीच भरली. परतताना यशवंत सागराच्या अलीकडे ती संपली. वीस किलोंहून जड सायकल, समोर चढ, आणि डॉक्टरांचा शब्द. ते उतरले, म्हणून आम्हीही उतरलो. अभियंत्यांनी उरलेल्या चढांची मोजणी सुरू केली. लेखावाल्या मित्रांनी काही न बोलता आपली हलकी सायकल ज्येष्ठांच्या हाती दिली आणि ते मोटारवाहन स्वतः ढकलू लागले. कापलेल्या गव्हाच्या शेतात सारसांची जोडी उभी होती. पायी चालत असल्यामुळे ती आम्हाला बराच वेळ पाहता आली.

हातोदला दिवेलागण झाली होती. चहावाल्याने बॅटरी लावायला जागा दिली, विजेचे पैसे घेण्यास साफ नकार दिला आणि आठ कचोऱ्यांचे चोख मोजून घेतले.